शेंदराखालचा पाय

माझे सासरे ऐन तरुणपणी एका कृष्णधवल सिनेमात मारुती झाले आणि त्यानंतर आमच्या कोल्हार गावाने त्यांना मरेपर्यंत दुसरं काही होऊ दिलं नाही. तालमीतला गडी. कोल्हापूरच्या सिनेमावाल्यांनी बघताक्षणी उचलला. यात्रेतल्या तंबूत तो सिनेमा लागला, तेव्हा लोकांनी म्हणे चपला काढून पडद्यापुढे नारळ फोडले. पुढच्या सिनेमात त्यांना दारुड्याचं काम मिळालं, तर त्याच तंबूवर दगड पडले. तिसरं काम कुणी दिलंच नाही. ते परत आले आणि प्रवरेकाठची जमीन कसू लागले.

कसू लागले म्हणायचं आपलं! नांगराला हात लावला की शेजारचा धावत यायचा, "देवा, तुमी बसा." मग बसले ते बसलेच. मी लग्न होऊन आले तेव्हा दर शनिवारी आमच्या ओट्यापुढे रांग लागायची. लोक त्यांच्या पायांवर तेल घालायचे, अंगठ्यांना शेंदूर लावायचे, गळ्यात रुईची माळ. मला आधी हसू आवरत नसे, पुढे पुढे संताप यायला लागला. मी सासऱ्यांना मामा म्हणायची. मामांना मटण जीव की प्राण. ते मी दार लावून, वास झाकायला उदबत्ती पेटवून शिजवायची. "बघ गं, मारुती नळी चोखतोय," म्हणून ते खदखदा हसायचे.

म्हातारपणी शुगर निघाली. पाय बधिर झाले. उजव्या अंगठ्याला कधी काय लागलं ते त्यांनाच कळलं नाही, आणि वरून दर शनिवारी शेंदूर चढतच होता. घरात वास यायला लागला तेव्हा मी कोमट पाण्यानं पाय धुवायला घेतला. शेंदराची खपली निघाली. खाली अंगठा काळाठिक्कर पडला होता. मी तिथेच मोठ्यानं रडले.

नगरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गुडघ्याखाली पाय काढला तर माणूस वाचेल, नाहीतर विष अंगभर जाईल. मामा लगेच म्हणाले, "काढा की. दोन पायांनी तरी कुठं उडालो?" माझा जीव भांड्यात पडला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं.

त्या दुपारी गावातून टेम्पो भरून माणसं आली.

"देवाचा पाय कापताय व्हय?" गावातला एक म्हातारा माझ्यावर खेकसला. "खंडित मूर्ती गावात ठेवत न्हाईत. पान्यात सोडत्यात."

"ही मूर्ती नाही, माझा सासरा आहे. जा घरी!" मी म्हणाले. माझा नवरा मान खाली घालून उभा होता. त्याचा मला आजही राग येतो.

मामा पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. माणसं गेल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी. मला घरी ने."

"मामा, त्यांच्या बापाचं काय जातंय?"

"त्यांचं न्हाई जात. पन मला गावात ऱ्हायचं हाय. त्यांनी मला मानूस म्हनून कधी बघितलंच न्हाई. आता या वयात, एका पायावर, मानूस हुयाला कुठनं शिकू?"

मी हात जोडले, भांडले, दिवसभर अन्नाला शिवले नाही. डॉक्टरही समजावून थकले. मामा हलले नाहीत. आम्ही त्यांना घरी आणलं. ताप चढत गेला, आणि शेवटी शेवटी त्या तापातच ते ओरडायचे, "काढा रे तो पाय, काढा!" तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही.

गावानं वर्गणी काढून नदीकाठी त्यांचं छोटं देऊळ बांधलं. आतली मूर्ती त्यांच्याच तोंडवळ्याची आहे, दोन्ही पाय धडधाकट. बायका मला म्हणतात, भाग्यवान गं तू, देवाची सेवा घडली. मला देव नको होता. एका पायाचा म्हातारा चालला असता.

आता शनिवारीच मी मटण करते, दार सताड उघडं ठेवून. पहिली नळी मामांच्या ताटलीत वाढते.