लेसरच्या वाटेतली थंड हवा

सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, आमच्या घराण्यातील एकमेव लेसरतज्ज्ञ आज जाहीरपणे तोंड उघडणार आहे. हसा, मीही हसतोय. पण हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

वाळूजच्या एका काच कारखान्यात मी भट्टीतल्या वायूचं तापमान मोजतो. आणि वितळत्या काचेतून उठणारी सोडियमची वाफसुद्धा. ही वाफ भट्टीच्या छताच्या विटा खाते; भट्टी जास्त तापली की वाफही वाढते. एका भिंतीच्या भोकातून लेसर सोडायचा, समोरच्या भोकात पकडायचा — वाटेत किती उजेड गिळला गेला, त्यावरून दोन्ही आकडे निघतात. पाहुणे आले की मी जादूगाराच्या थाटात हे दाखवतो. टाळ्या मिळतात. आवडतं मला ते.

कटकट एकच. भोकातल्या भिंगावर वाफेचा थर बसतो, तो धगीत चढून पुसावा लागतो. थर कमी बसावा म्हणून भिंगापुढं थोडी थंड हवा सोडतात — थोडीच. एका उन्हाळ्यात मी त्या हवेचा वॉल्व्ह पूर्ण उघडला. भिंग स्वच्छ, मी खाली पंख्याजवळ. पण लेसरच्या वाटेत एवढी गार हवा आली, तर भट्टी आहे त्यापेक्षा थंड दिसणार — हे मला कळत नव्हतं? कळत होतं. चांगलं कळत होतं.

भट्टी चालवायचा रावसाहेब. पडेगावचा, माझ्या डब्यातली भाजी हक्कानं संपवणारा. "काय दाजी, काय म्हणतीय तुमची बत्ती?" असं रोज विचारायचा. मी आकडा सांगायचो. आकडा कमी, म्हणून तो गॅस वाढवायचा. मी बघत राहायचो.

मग एका दुपारी छताला भगदाड पडलं, ज्वाळा बाहेर आल्या. सगळे पळत होते. मी काय केलं? आधी जाऊन वॉल्व्ह मागं फिरवला.

रावसाहेबला भट्टीवरून काढलं. आता तो बाटल्या खोक्यांत भरतो. जेवायला माझ्याजवळच बसतो — आणि भाजी मी त्याच्यापुढं सरकवतो, जणू त्यानं काही फिटणार आहे.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी मला सरळ विचारलं होतं, आकडा बरोबर होता का. मी ओठ उघडायच्या आत रावसाहेबच बोलून गेला, "दाजींचा आकडा खोटा नसतो, साहेब. माझाच हात चुकला असंल."