वर्षाचा छोटा पास

वॉटर पार्क या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. आमच्या सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत दोन पिंपं, बाथरूममध्ये एक पिंप, आणि पाणी आलं की सगळ्या बिल्डिंगची पळापळ. आणि शहराबाहेर हायवेला कुणीतरी तळंच्या तळं भरून त्यात मशीननं लाटा काढतो, आणि त्या लाटांत उभं राहायला आपण पैसे मोजायचे. वर घरची भाकरी-चटणी गेटवर काढून घेणार, आतला गारढोण समोसा तिप्पट भावानं गळ्यात मारणार, आणि कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला नायलॉनचा बर्म्युडा भाड्यानं देणार. डोकं फिरतं माझं.

तरी वर्षाचा पास मीच काढला. सात रस्त्याजवळ आमचं ऑफिस आहे. तिथं एक दिवस टाय लावलेला एक माणूस आला आणि चहाच्या वेळेला टेबलाटेबलावर कागद वाटत फिरला. म्हणाला, साहेब, चार वेळा गेलात की पास वसूल, पुढं वर्षभर फुकट. ‘वसूल’ हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या माणसाचं काही चालत नाही. नवरा, बायको, एक मूल, असा पास घेतला. मग वसूल करायला दर दुसऱ्या रविवारी जाणं आलं. मी जायचो, बाकड्यावर बसायचो, गाण्यांच्या त्या गोंगाटाला शिव्या घालायचो आणि तिघांचे टॉवेल सांभाळायचो. कुणी बळजबरी केली नव्हती. माझी मीच केली होती.

माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिला त्या पार्कात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मोठी घसरगुंडी. चार मजले उंच, वरून बंद नळकांड्यातून सुटायचं ते थेट खालच्या हौदात. तिच्या वर्गातल्या दोघी-तिघी जाऊन आल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत त्याच्याशिवाय दुसरं बोलत नव्हत्या. पण त्यासाठी उंची साडेचार फूट लागायची. गेटवर प्लायवूडचं एक अस्वल उभं होतं, हात पुढं केलेलं. त्याच्या हाताखालून पोरगं गेलं तर छोटा पास, डोकं वर निघालं तर मोठा. पास छोटा असला तर मनगटाला निळा पट्टा, मोठा असला तर पिवळा. माझी पोरगी त्या वर्षी हाताखालून आरामात जात होती.

मग तिनं उंचीचा ध्यास घेतला. सकाळी दोरीच्या उड्या, संध्याकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळणं, आणि ज्या दुधाला जन्मभर नाक मुरडलं ते एका दमात पिणं. दर महिन्याच्या एक तारखेला बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहायची आणि मला म्हणायची, पप्पा, खूण करा. मी पेन्सिलनं खूण करायचो. चिडायचो, ऑफिसला उशीर होतोय म्हणायचो, पण करायचो. वर्ष संपता संपता ती साडेचार फुटाच्या बोटभर वर गेली. त्या दिवशी तिनं बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं.

त्याच आठवड्यात पार्कचा मेसेज आला. मुदतीच्या आत रिन्यू केलं तर सवलत, आणि मुलांना समक्ष आणायचं, नवीन उंची आणि नवीन फोटो घेणार. आम्ही रविवारी सकाळीच गेलो. बायको सामान ठेवायला लॉकरकडं गेली, मी आणि मुलगी रांगेत राहिलो. रांग पुढं सरकत होती, ते अस्वल जवळ येत होतं, आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “गुडघ्यात वाक जरा.”

हे कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी केम गावचा. तिथून सोलापूरला पॅसेंजरनं यायचो तेव्हा आई मला डब्यात चढायच्या आधी बजावायची, तिकीटवाल्यानं इचारलं तर धाव्वं वरीस लागलंय म्हण, आन पाय पोटाशी घेऊन बस. मिसरूड फुटायच्या बेतात असतानासुद्धा मी हाफ तिकिटावर आलेलो आहे. आमच्या घरात याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. याला हुशारी म्हणायचे. आईकडं पैसे नव्हते, तिचं ठीक होतं. मला मोठा पास परवडत होता, चांगला परवडत होता. तरी निघून गेलं तोंडातून.

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, “पण पप्पा, मोठी घसरगुंडी?”

मी खाली वाकून तिच्या कानात सांगितलं की अगं येडे, घसरगुंडीवाला पास बघत नाही, तो उंची बघतो. तिथं ताठ उभी राहा. हितं तेवढी वाक. आणि मला खरंच तसं वाटत होतं. ती वाकली. काउंटरवरच्या मुलीनं एका हातानं प्रिंटर ठोकता ठोकता एकदा अस्वलाकडं बघितलं, ‘पुढं’ म्हणाली, फोटो काढला, पास दिला. त्या फोटोत माझ्या मुलीची मान खांद्यात गेलेली आहे.

निळा पट्टा बांधून ती चार मजले पळत चढली. मी पण मागून गेलो, वर्षात पहिल्यांदाच बाकडं सोडून. वर शिट्टी गळ्यात घातलेला एक माणूस होता. त्यानं तिला खांबावरच्या लाल रेघेपाशी उभं केलं. ती अशी ताठ उभी राहिली की टाचा उचलल्यात की काय म्हणून त्यानं वाकून बघितलं. उचलल्या नव्हत्या. मग त्यानं मनगट बघितलं.

“साहेब, उंची बसती हो,” तो मला म्हणाला, “पण पट्टा निळा हाय की. पिवळ्याबिगर सोडता येत न्हाय. खाली काउंटरला बदलून आणा, लगेच सोडतो.”

सरळ माणूस होता. त्याच्यावर ओरडायला काही जागाच नव्हती, तरी मी ओरडलो. मग मागं थांबलेली पोरं आमच्याकडं बघायला लागली आणि आम्ही पायऱ्या उतरलो. मुलगी पुढं पळत होती. पट्टा बदलला की झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आता काउंटरवर जाऊन काय सांगायचं होतं? चूक झाली, मोठा पास द्या. एवढंच. पण काउंटरशी पोचेपर्यंत माझी तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मी काचेवर हात आपटून विचारलं की तुम्हाला साधी उंची मोजता येत नाही का, लक्ष कुठं असतं तुमचं. ती पोरगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. ती म्हणाली, सर, मी बरोबर मोजलं होतं. मी म्हणालो, मग काय माझी लेक तासाभरात वाढली? रांगेतले दोघंतिघं हसले. मला आणखी जोर आला. माझा आवाज सगळ्या ऑफिसला माहीत आहे, तो आता पार्किंगपर्यंत गेला असेल. आतून मॅनेजर आला. तो त्या पोरीला आमच्यासमोरच म्हणाला की हे तुझं दुसऱ्यांदा झालं, आता तू उद्यापासून येऊ नकोस.

तेव्हा माझी मुलगी बोलली. “मी वाकले होते. मीच. पप्पांना माहीत नव्हतं.”

काउंटरवरच्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. रांगेत मी कानाशी वाकलो होतो ते तिला दिसलं असणार. तिनं नजर प्रिंटरकडं वळवली. मॅनेजरही माणूस बरा निघाला. तो म्हणाला, काही हरकत नाही, असं होतं. उंचीची माहिती चुकीची दिली होती असं एका कागदावर लिहून सही करा, फरक भरा, पाच मिनिटांत पिवळा पट्टा देतो.

मी ऑफिसात लोकांकडून रोज असले कागद लिहून घेतो. माणूस सही करताना कसा बारीक होतो ते मी रोज बघतो. कागद पुढं आला, पेन आलं, मुलगी माझ्या शेजारी उभी, निळा पट्टा सुटा करून हातात धरलेला, नवा बांधायचा म्हणून. फक्त सही करायची होती. मी पेन परत सरकवलं आणि म्हणालो, पोरं काय, काहीही बोलतात. ती वाकली-बिकली नव्हती. चूक तुमची आहे, मी सही करणार नाही.

ते मी माझ्या मुलीच्या तोंडावर बोललो. तिनं माझ्यासाठी खोटं अंगावर घेतलं होतं, आणि मी तिलाच खोटी पाडली. मग तिचं मनगट धरून गेटाबाहेर आलो. बायको ओले केस घेऊन मागून धावत आली. मी त्या माणसाची, त्याच्या पार्काची आणि त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत गाडीला किक मारत होतो. बायको अक्कलकोटकडची. माझ्याबद्दल काही बोलायचं असलं की ती मुलीशी कानडीत बोलते. घरी येईपर्यंत माझ्या पाठीमागं कानडीच चाललं होतं. घरी आल्यावर मराठीत एकच बोलली, की सही केली असती तर हात झडला असता काय. मुलगी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो नाही. मी मात्र ही गोष्ट सगळीकडं सांगितली. ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर, शेजाऱ्यांना, मेव्हण्याला फोनवर. लुटारू लोक आहेत, उंचीसुद्धा धड मोजत नाहीत, वर आपल्याकडूनच माफीनामा लिहून घेतात. मेव्हण्याला सांगत होतो तेव्हा मुलगी तिथंच जमिनीवर बसून वहीला कव्हर घालत होती. तिनं मान वर केली नाही. इतक्यांदा सांगितल्यावर मला स्वतःलाही ते थोडंफार खरं वाटायला लागलं होतं. काउंटरवरची ती पोरगी कामावर राहिली का गेली, ते मी कधी विचारलं नाही.

वर्ष भरलं आणि पुन्हा मेसेज आला. रिन्यू करा. मला वाटलं, देवानंच सोय केली. आता ती सातवीत जाणार होती, अस्वलाच्या हातापेक्षा चांगली वीतभर उंच. मी संध्याकाळी तिला म्हणालो, रविवारी जाऊ, या वेळी मोठा पास, पिवळा पट्टा, दिवसभर घसरगुंडी. ती गणितं करत होती. म्हणाली, मला नको. मी विचारलं, का गं, एवढी उड्या मारत होतीस की. म्हणालो, झालं गेलं सोडून दे, त्या लोकांनी मोजण्यात चूक केली होती, तू कशाला मनाला लावून घेतेस.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. रागावलेली नव्हती. एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगितलं.

“पप्पा, तुम्ही खोटं बोलायला लागलात की ओरडता. मला घरात पण कळतं.”

“असं काही नाही,” मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं म्हणालो की बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली.