झोप किती?

मी फोन उचलला की ती ‘हॅलो’ म्हणत नसे. “झोप किती?” एवढंच विचारायची. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मी भांडुपला दुकानाचं शटर वर करत असताना.

“सात तास.”

“खरं बोल.”

“सहा.”

“मेल्या, बाजारात बसलायस काय? झोपेची घासाघीस करतोस?”

“साडेचार.”

“आता कसा भावावर आलास. डॉक्टरला आजच फोन कर.” आणि फोन बंद.

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. पाडायला निघालेल्या इमारतींतून दारं, कपाटं, खिडक्या उचलायच्या, घासूनपुसून विकायच्या. हातगाडी ओढण्यापासून सुरुवात केली, आता दुकान आहे, मागे गोडाऊन आहे. समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मी जन्मात कधी मान्य केला नाही. डॉक्टरने बायपोलर म्हणून सांगितलं आणि दोन गोळ्या लिहिल्या, तेव्हा मी त्यांनाही म्हणालो, “एकीत भागवा ना.”

त्याआधी काय झालं होतं ते गोडाऊनमध्ये अजून उभं आहे. घाटकोपरच्या एका पडत्या इमारतीतली लिफ्ट. जाळीच्या दाराचा अख्खा लोखंडी पिंजरा, आत लिफ्टमनचं स्टूलसुद्धा. तीन रात्री झोपलो नव्हतो आणि असं वाटत होतं की अख्खी मुंबई ही लिफ्ट विकत घ्यायला माझ्या दारात रांग लावणार. आजवर कुणी भावसुद्धा विचारलेला नाही.

तुम्ही कधी स्वतःच्या आनंदाला घाबरला आहात का? मी रोज घाबरतो. सौदा झकास जमला, अंगात जोर आला, शीळ वाजवावीशी वाटली, की आदल्या रात्रीची झोप आठवून बघतो. हा मी आहे की ते आहे? ताप चढला तर हात लावून कळतो. हे चढतं तेव्हा मला वाटतं, धंदा जोरात आहे.

रोज झोप विचारणारी ही बाई मला भेटली मुलुंडला. तिथे एका बालवाडीच्या खोलीत शनिवारी दुपारी आमच्यासारख्यांचा गट बसतो. डॉक्टर नाही, भाषण नाही. ज्याने त्याने आपापलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बसायला पोरांच्या बुटक्या खुर्च्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. ही साठीची, वेंगुर्ल्याकडची, एका कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. मांडीवर पिशवी घेऊन लसूण सोलत बसायची. कोणी रडत असलं तरी हिचा लसूण चालू. पहिल्या दिवशी मी अर्धा तास माझीच गोष्ट सांगत राहिलो, तेव्हा वर न बघता म्हणाली, “शेठ, लाइन सोडा आता. दुसऱ्याचा कॉल आहे.”

मला राग आला. मग हसूही आलं.

गटात एक पद्धत आहे. दोघादोघांची जोडी लावतात आणि प्रत्येकाने आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहून जोडीदाराला द्यायची. माझं बिघडायला लागतं तेव्हा बाहेरून काय दिसतं, आणि ते दिसलं तर फोन कुणाला करायचा. खाली सगळ्यांनी एकच ओळ लिहायची: ‘मी चिडलो तरी करा.’ आमची जोडी लागली. माझं दुखणं चढायचं, तिचं बुडायचं.

मी लिहिलं: झोप पाचच्या खाली, तरी थकवा नाही; कुणी घेणार नाही अशी वस्तू विकत घेणं; एका दिवसात दोन मोठे सौदे. खाली बायकोचा नंबर.

तिची चिठ्ठी वाचून मी हसलो होतो. ‘मी भांडायची थांबते. सगळ्याला हो म्हणते. झाडं वाटून टाकते. आडून विचारू नका, सरळ विचारा.’ खाली बोरिवलीच्या भावाचा नंबर. मी म्हणालो, “बाई, तुम्ही भांडायच्या थांबलात तर मुलुंडकर पेढे वाटतील.” तिने लसणाची साल माझ्या अंगावर फेकली.

एकदा ती माझी लिफ्ट बघायला गोडाऊनमध्ये आली. आत जाऊन स्टुलावर बसली, जाळी ओढून घेतली आणि गंभीरपणे म्हणाली, “चौथा माळा.” मी इतका हसलो की त्या लोखंडाची भीती दोन-तीन दिवस गेली.

आता माझा राग सांगतो. तो अजून आहे, लपवत नाही.

गेल्या वर्षी स्टेशनजवळची तीन दुकानं एकदम भाड्याने घ्यायचा सौदा मी जमवत आणला होता. दलालाच्या ऑफिसात मालक समोर, कागद समोर, पेन हातात. इतक्यात बायको आणि मेहुणा दारात. बायको सगळ्यांसमोर म्हणाली, “यांची तब्येत बरी नाही. सही घेऊ नका.”

त्या सकाळी फोनवर मी चुकून खरं बोललो होतो. तीन तास, आणि दुकानांचंही. बाईने माझी चिठ्ठी काढून बायकोचा नंबर फिरवला होता.

मी ओरडलो, मालक उठून गेला. दलालाने तोंड बंद ठेवलं नाही. आता मी कुठे भाव पाडायला लागलो की समोरचा डोळा मारून विचारतो, “शेठ, आज गोळी घेतली ना?” तुम्ही सांगा, घासाघीस हेच ज्याचं पोट, त्याची घासाघीसच लोकांनी आजारात मोजली तर त्याने काय करायचं? त्या तीन दुकानांपैकी एकात आज मोबाइलवाला बसलाय. जोरात चालतं त्याचं. मी रोज समोरून जातो.

तिला मी फोनवर वाटेल ते बोललो. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “झालं? आता झोप.” मी गटात जाणं सोडलं. तिचा फोन मात्र नऊ वाजून दहाला यायचाच. मी “आठ” म्हणून कापायचो. कापता कापता तिचं “खोटारड्या!” ऐकू यायचं. तीन महिने असंच चाललं.

मग एक दिवस मी “आठ” म्हणालो आणि ती म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवशीही “बरं.” मला वाटलं, दमली. धंद्यात मी हेच करत आलोय. आपण हलायचं नाही, समोरचा आपोआप खाली येतो.

त्याच आठवड्यात ती स्वतः दुकानात आली. हातात रंगाचा जुना डबा, त्यात तिचा कढीपत्ता. तिच्या खिडकीत असे नऊ डबे होते; पानं तोडायला गेलं तरी ती हातावर फटका मारायची. डबा काउंटरवर ठेवून म्हणाली, “ठेव तुझ्याकडे.”

मी संधी सोडली नाही. “त्या दिवशी चुकलात तुम्ही. मान्य करा.”

“हो. चुकले.”

“दुकानं घेतली असती तर आज मी कुठे असतो!”

“हो रे.”

ती गेली. मी कढीपत्ता दर्शनी भागात ठेवला, जिंकलेल्या ढालीसारखा. दुपारी जेवताना बायकोला रंगवून सांगितलं. तिने भाकरी वाढता वाढता हात थांबवला. “त्या हो म्हणाल्या? भांडल्या नाहीत?”

मी ताट सरकवलं. पाकिटातली तिची चिठ्ठी काढली. घडीवर फाटली होती. तीन खुणा, तिन्ही माझ्या काउंटरवर येऊन गेल्या होत्या, आणि मी त्या यश म्हणून आपल्या नावावर लिहून घेतल्या होत्या.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तीस वर्षं जिने तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलला, ती उचलत नव्हती.

रिक्षात मी देवाशीसुद्धा घासाघीस केली. राग सोडतो, म्हटलं. दुकानांचं नाव काढणार नाही. फक्त दार उघडू दे. तिच्या इमारतीचे तीन जिने मी पन्नास वेळा चढलो असेन, त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या एकदम चढलो. बेल दाबली. आत काही हललं नाही. परत दाबली आणि तळहाताने दार बडवायला लागलो.

दार उघडलं.

“बस,” ती म्हणाली. ओट्यावर लसणाची पिशवी न सोललेली, कोंब आलेले. खिडकीत नऊ डब्यांचे नऊ गंजलेले गोल डाग. झाड एकही नाही.

आयुष्यभर मी आडून बोललो. हवी ती वस्तू नको म्हणायची, हा माझा धंदा. त्या दिवशी मात्र चिठ्ठीत लिहिलं होतं तसं सरळ विचारलं, “बाई, जीव द्यायचा विचार येतोय का?”

“हो,” ती म्हणाली. लसूण आणलास का म्हणून विचारल्यावर म्हणावं तशी.

“भावाला फोन करू?”

“कर.”

मी थांबलो. मला वाटलं, आता ओरडेल. मी दलालाच्या ऑफिसात ओरडलो होतो तशी. कोण तू माझ्या घरच्यांना सांगणारा, म्हणेल. मी वाट बघितली. ती खिडकीकडे बघत होती.

भाऊ बोरिवलीहून येईपर्यंत मी शेजारी बसून लसूण सोलला. मला येत नाही. अर्धी पाकळी सालीबरोबर जायची. एरवी तिने हातातून सुरी हिसकावली असती. तिने बघितलंही नाही. इतका मी माझ्या स्वतःच्या आजाराला कधी घाबरलो नव्हतो.

संध्याकाळी तिला दवाखान्यात दाखल केलं. महिनाभर होती. मग भावाने तिला वेंगुर्ल्याला गावच्या घरी नेलं, वहिनीच्या देखरेखीखाली.

मी पुन्हा शनिवारी जातो. नवा जोडीदार आहे, चांगला माणूस आहे, मेसेजवर झोप विचारतो. मेसेजवर खोटं बोलणं फार सोपं असतं. म्हणून भीती वाटते. माझा खरा भाव ओळखणारं माणूस वेंगुर्ल्यात आहे आणि ते कुणाचाच भाव विचारत नाही.

नऊ वाजून दहाला आता मी फोन करतो. वहिनी तिच्या हातात देते.

“झोप किती?”

“झाली.”

“जेवण?”

“हो.”

“भांडलात कुणाशी?”

“नाही.”

रोज हेच. तिचे ‘हो’ मी मोजत राहतो. परवा राहवलं नाही. गोडाऊनमध्ये होतो, लिफ्टसमोर. स्टुलावर तिचा कढीपत्ता ठेवलाय, तिथे ऊन येतं. मी मुद्दाम खोटंच म्हणालो, “बाई, रात्रभर झोपलो नाही. दुसरी लिफ्ट घेतोय. याहून मोठी.”

पलीकडे कुठेतरी नारळाची झावळी पडल्याचा आवाज आला. आता ‘बरं’ म्हणेल, मी डोळे मिटले.

“ठेवणार कुठे?” ती म्हणाली.

आवाज बारीक होता. पण विचारलं होतं.

मी फोन कानाला तसाच धरून गोडाऊनभर बघितलं आणि खरोखरच जागा शोधायला लागलो.