साहेबांचं हरवलेलं किचन

"माझं किचन कुठे गेलं?"

नायजेल साहेबांनी हेडफोन कानावरून ओढून टेबलावर आपटला आणि असे ओरडले की बेंचवरचा मीटर लाल रेघेच्या पार गेला. तो मीटर बंद होता, ही गोष्ट वेगळी. ते इंग्रजीत ओरडले होते. मी मराठीत सांगतो आहे, तेही सभ्य भाग तेवढाच.

बहरीनमध्ये सनाबिसला आमचं वर्कशॉप होतं. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. हॉटेलांचे स्पीकर, हॉलचे माइक, शेखांच्या लग्नांचे अॅम्प्लिफायर, जे जे ओरडतं ते दुरुस्त करायला आमच्याकडे यायचं. मी तिथला ऑडिओ सर्व्हिस इंजिनिअर. अख्ख्या बहरीनमध्ये माझ्याहून चांगला कान फक्त एका उंटाला होता, आणि तो रिफा सोडून कुठे जात नसे.

नायजेल साहेब जुफैरकडच्या एका मोठ्या हॉटेलचे जनरल मॅनेजर. त्या हॉटेलचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आमच्याकडे होतं आणि ते महिनाअखेर रिन्यू व्हायचं होतं. माझा व्हिसाही त्याच महिन्यात. आमचे मालक अबू यूसुफ, आम्ही त्यांना अर्बाब म्हणायचो, त्यांनी हिशेब साधा ठेवला होता. "इंजिनिअर, अंग्रेज साइन करता, तुम रहता. अंग्रेज साइन नहीं करता, तुम खलास." माझा पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत होता, म्हणजे या विषयावर चर्चेला फारशी जागा नव्हती.

आता किचनचं सांगतो.

सूट-टाय घालून फिरणारे हे गोरे साहेब तरुणपणी एका बँडमध्ये खंजिरी वाजवत होते, हे मला टेपच्या एका स्पूलमुळे कळलं. बँडचं नाव सांगत नाही. माणसं हयात आहेत आणि ब्रिटिश वकील महाग असतात. तो इंडी पॉप बँड होता. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही, की माणूस इंडिपेंडंट होतो. मग तो मित्राच्या किचनमध्ये टेपरेकॉर्डर लावतो, दोन गिटार आणि एक खंजिरी घेतो, आणि आपल्यावर कुणी प्रेम करत नाही हे जगाला सांगतो. या बँडने तसं सांगितलं. जगाने ऐकलं नाही. बँड मोडला. गिटारवाला शाळामास्तर झाला, गाणारी फियोना बाई नर्स झाली आणि खंजिरीवाला बहरीनला येऊन जनरल मॅनेजर झाला.

आणि मग, कुणाला वाटलं होतं, लंडनमधल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीला हा बँड आठवला. त्यांना ती गाणी सीडीवर काढायची होती. मूळ रेकॉर्डिंगचा एकच स्पूल शिल्लक होता आणि तो साहेबांबरोबर बोटीने सामानात आला होता. साहेब तो स्पूल छातीशी धरून वर्कशॉपमध्ये आले. बाळंतिणीने बाळ आणावं तसे.

"जपून," ते म्हणाले. "आमचं सगळं तरुणपण यात आहे."

तरुणपणाला बुरशी लागली होती. आखाती दमट हवेत जुन्या टेपचा गोंद ओलावा पितो आणि फीत चिकट होते. तशी वाजवली, तर वरचा तपकिरी थर, म्हणजे ज्यावर गाणं असतं तोच, मशीनच्या हेडवर खरवडून निघतो. त्यावर उपाय असा की फीत मंद आचेवर वाळवायची आणि मग एका दमात वाजवून नव्या टेपवर उतरवून घ्यायची. मी साहेबांना स्पष्ट सांगितलं, "सर, ही एकदाच वाजेल. दुसऱ्यांदा वाजवली तर हाती भुकटी येईल." त्यांनी मान डोलावली. नशीब, की हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी फीत वाळवली. हेड साफ केले. फीत सुरू केली आणि हेडफोन लावला.

अरे बापरे.

गाणी होती, पण त्यामागे आख्खा संसार होता. फ्रिज घुमत होता. किटली शिट्टी मारत होती. खिडकीवर पाऊस. बाहेरून एक बस गेली. तिसऱ्या गाण्यात गाणारी बाई शब्द चुकली आणि खो खो हसली, आणि ते हसू तसंच ठेवलेलं!

आता माझी शाळा कोणती, ते ऐका. मी नागपूरच्या एका कॅसेट कंपनीत तयार झालो. भीमगीतांच्या पार्ट्या, कव्वालीचे मुकाबले, सगळं आमच्याकडे रेकॉर्ड व्हायचं. आमचे शेंडे मालक काचेमागे बसून म्हणायचे, "बाबासायबाच्या गाण्यामागे पंखा ऐकू आला तर पहिले तुले बाहेर काढीन, मंग पंख्याले." त्यामुळे मे महिन्यात, नागपुरात, बंद खोलीत, पंखे बंद करून रेकॉर्डिंग. एका गायकाने शेवटची तान घेतली आणि तिथेच आडवा झाला. टेक ओके होता. त्याच्या पडण्याचा आवाज मी आधीच फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढून टाळला होता. अशा शाळेतून आलेल्या माणसासमोर किटली वाजते म्हणजे काय!

फीत थांबवता येणार नव्हती, म्हणून पहिल्या सुरांपासूनच मी चालत्या फितीवर नॉइज गेट लावला. नॉइज गेट म्हणजे दारावरचा वॉचमन. ठरावीक मापाखालचा आवाज आला की दार बंद. फ्रिजचा घूं फिल्टरने कापला. पाऊस कापला. किटलीचा गळा दाबला. बस परत पाठवली. बाईचं हसू डॅटवर, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या डिजिटल कॅसेटवर, उतरवताना अलगद वगळलं. शेवटी फीत संपली, हेडखाली तपकिरी भुकटीची रांगोळी पडली आणि माझ्या हातात असं स्वच्छ रेकॉर्डिंग आलं, की ते ऑपरेशन थिएटरमध्ये वाजवता आलं असतं.

तेच मी अभिमानाने साहेबांना ऐकवलं, आणि साहेबांनी किचन मागितलं.

"ही आमची गाणी नाहीत," ते म्हणाले. आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "ही कुठल्या तरी बँकेच्या लिफ्टमध्ये वाजणारी गाणी आहेत. लोकांना ती गाणी का आवडायची, माहीत आहे? त्या किचनमुळे! लंडनवाल्यांनी पत्रात तेच लिहिलंय. फियोनाने परवानगी दिली तरच सीडी निघणार आहे, आणि हे ऐकून ती देणार नाही."

अर्बाब दारात येऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिनिअर, अंग्रेज बोलता तुम उसका किचन चोरी किया?"

अशा वेळी माणसाला दोन रस्ते असतात. एक सत्याचा. तो थेट एअरपोर्टला जातो. मी दुसरा घेतला.

"सर," मी शांतपणे म्हणालो, "हा फक्त पहिला टप्पा आहे. आमच्या पद्धतीत गाणं आणि किचन आधी वेगवेगळं काढतात. किचन मी दुसऱ्या टेपवर सुरक्षित ठेवलंय. आता दोन्ही जोडायचं."

साहेबांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "किचन सुरक्षित आहे?"

"एकदम. फक्त नीट जोडायला मला सांगा, कुठे काय हवं?"

आणि साहेब सांगत बसले. फ्रिज कोणत्या कोपऱ्यात होता, तो दर कडव्याला कसा थरथरायचा, पाऊस नोव्हेंबरचा होता, बस कुठल्या चढावर गिअर बदलायची. सांगता सांगता डोळे भरून आले. मी सगळं डोक्यात भरत होतो. दारातून अर्बाब पुटपुटले, "किचन के लिए रोता है. मेरे घर में तीन किचन है, मैं कभी नहीं रोया."

संध्याकाळी मी मायक्रोफोन, केबल आणि टेप मशीन घेऊन माहूजला घरी आलो. बायको, सुलोचना, पोळ्या लाटत होती.

"काहून जी, घरात मायक्रोफोन कायले लावून राहिले?"

"इंग्लंड बनवायचं आहे."

"आधी पोळ्या तरी होऊ द्या. मंग बनवा इंग्लंड."

आमचा विंडो एसी म्हणजे जुन्या ट्रॅक्टरचा आतेभाऊ. त्याच्यापुढे उशी धरली आणि हवा तसा ब्रिटिश फ्रिज मिळाला. पावसासाठी सुलोचनाला मोहरी-जिऱ्याची फोडणी द्यायला लावली. तेल जास्त तापलं की वादळ यायचं, कमी तापलं की पुण्यासारखी भुरभुर. मधोमध कुठे तरी नोव्हेंबर सापडला. कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून सावकाश वाजवली, वरचा तिखटपणा कापला, की किटली. बस म्हणजे मिक्सरमध्ये डाळीचं वाटण. चढावर गिअर बदलायचा तिथे मी मूठभर खोबरं टाकलं.

राहिलं बाईचं हसणं.

"हास," मी म्हणालो.

"कायले?"

"असंच. खो खो."

"मी का सर्कशीतली हाव? असं सांगून हासतेत का कोणी?"

मी तिला सासऱ्यांवरचा विनोद सांगितला. ती रागावली. नकला केल्या. ती म्हणाली, ऑफिसात पण असेच करता का, म्हणून पगार वाढत नाही. मी टेकीला आलो. शेवटी खाली बसलो आणि खरं ते सांगून टाकलं. साहेबांची गाणी, शेंडे मालकांची शिस्त, मी काढलेला कचरा, आणि तो कचरा परत मिळावा म्हणून रडणारा जनरल मॅनेजर. हे जमलं नाही तर आपला व्हिसा जातो, हेही.

ती लाटणं हातात घेऊन ऐकत होती. "थांबा," ती म्हणाली. "म्हंजे तुमी त्याच्या तांदळातले खडे येचून देल्ले, अन् तो खड्यासाठी रडून राहिला?"

"हो."

"अन् आता आपल्या घरचे खडे टाकून देता?"

"हो."

मग जे झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ती हसली. ओट्याला टेकून हसली, पदर तोंडाला लावून हसली, लाटणं खाली पडलं तरी हसली. शेजारच्या मल्याळी कुटुंबाने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. टेप चालू होती. हसण्याला व्हिसा लागत नाही आणि त्याला व्याकरणही नसतं. लाटण्याचा आवाज तेवढा कापला, बाकीचं जसंच्या तसं तिसऱ्या गाण्यात बसवलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हेडफोन लावला. डोळे मिटले. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांनी कोटाची कॉलर वर केली. बहरीनच्या जुलैमध्ये! "थंडी," ते म्हणाले. बस गेली तेव्हा त्यांनी बसचा नंबर सांगितला. मी मान डोलावली. किटलीला ते म्हणाले, "हिचं झाकण मीच हरवलं होतं." तिसऱ्या गाण्यात हसू आलं आणि साहेबांनी माझा हात धरला.

पण सही त्यांनी केली नाही. "आधी फियोना," ते म्हणाले. टेप कुरिअरने लंडनला गेली.

मग वाट पाहणं. अर्बाब रोज सकाळी विचारायचे, "उस औरत का फोन?" मी म्हणायचो, "मफी," म्हणजे नाही. ते तिजोरीकडे बघायचे, मी कॅलेंडरकडे. खरंच सांगतो, साहेबाला फसवणं मला अवघड गेलं नव्हतं, पण ही बाई स्वतःचं हसणं ओळखणार नाही, असं कसं होईल? मी सुलोचनाला सामान आवरायला लावलं. तिने एक पेटी भरली आणि मिक्सर वर ठेवला. "याले न्या आधी," ती म्हणाली, "ही इंग्लंडची बस आहे."

महिना संपत आला तेव्हा हॉटेलात बोलावणं आलं. अर्बाब आणि मी, दोघेही. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे फियोना बाई.

"कुणी केलंय हे काम?" त्यांनी विचारलं.

अर्बाबांनी बोट माझ्याकडे केलं. फोनवर ते दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मी, मॅडम," मी म्हणालो.

"तिसऱ्या गाण्यातलं माझं हसणं..." बाई थांबल्या. बहरीनमधलं सगळं वारं थांबलं. "मी त्या दिवशी इतकी आनंदी होते, हे मी विसरूनच गेले होते. तुम्ही ते जपून ठेवलंत. थँक यू."

नायजेल साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळले आणि कॉन्ट्रॅक्टवर सही केली, एका नाही, दोन वर्षांसाठी. अर्बाबांनी परतताना गाडीतच पासपोर्ट व्हिसासाठी पाठवतो म्हणून सांगितलं आणि वर म्हणाले, "इंजिनिअर, तुम शैतान है. शाबाश."

सीडी निघाली. तिकडच्या जाणकारांनी म्हणे लिहिलं, की असा अस्सल इंग्लिश पाऊस आजकालच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही. साहेबांनी मला एक प्रत दिली. सुलोचनाला तिसरं गाणं ऐकवलं, तर ती म्हणाली, "बाई चांगली गाते, पण हासते कोनासारखी!"

वर्षभरात लंडनहून आणखी एका बँडची टेप आली. रेकॉर्डिंग चांगल्या स्टुडिओतलं, आवाज काचेसारखा स्वच्छ. सोबत विनंती होती: जमल्यास त्या सीडीतल्या पावसासारखी थोडी ओल घालावी. बहरीनमधून तेल जातं हे जगाला ठाऊक आहे. इंग्लंडला इंग्लंडची ओल पुरवणारा माणूस माहूजमध्ये पोळी-भाजी खात होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

या धंद्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. नव्या पोरांना मशीन शिकवताना एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगायचो. गिऱ्हाइकाने काहीही आणलं, तरी साफ करायला घेण्याआधी विचारावं, यातली घाण कोणती? दहातले नऊ लोक सांगतात. दहावा रागावतो. त्याच्या वस्तूला फडका लावायचा नाही.