फक्कीवाल्याचा नंबर

कासारवाडीच्या मैदानावर कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेत फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारणारा एक माणूस होता. एक डोळा मिटून रेषेचा सरळपणा बघायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

माझी लेक गोलकीपर. तिचं कॉलेज तिन्ही सामने हरून तळाला होतं आणि मी तोंड पाडून बसलो होतो. तिच्या गोलसमोरची पुसलेली रेषा परत मारत तो म्हणाला, "भाऊ, माझ्या लेखी तुमच्या पोरीची टीम दुसरी हाय. तिन्ही येळा तगड्या टीम भेटल्या तिला. पैल्या नंबरवाल्यांना कोण भेटलं? त्यांच्या गोलसमोर मला एकदाबी परत फक्की टाकावी लागली न्हाई."

चौथा सामना त्याच पहिल्या नंबरवाल्यांशी झाला. शेवटची शिट्टी वाजली, तसा तो फक्कीचा डबा उचलून निघाला. या वेळी त्यांच्या गोलकडे.