ग्रुपवर टाकलेला फोटो

तो फोटो शाळेतल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर मी टाकला. चुकून बोट लागलं नव्हतं. दहावीच्या वर्गाचा जुना फोटो कपाटात सापडला. मोबाइलवर घेतला, दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, 'ओळखा पाहू? आपली सुकट!' हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी खूश झालो.

वडिलांना बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही साताऱ्याकडून चिंचणीला राहायला आलो. घरी मासे शिजत नसत. वर्गात मात्र बरीच मुलं समुद्राकाठची. फोटोतली ती मुलगी जवळच्याच दांडी गावातल्या कोळ्यांची. शाळेआधी आईबरोबर बोंबील वाळत घालायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. एका रविवारी तिने मलाही शिकवलं. माझी जोडी सुटून वाळूत पडली की ती खिदळायची, "घाटी रे घाटी, तुला मेलेला बोंबीलपन ऐकत नाय!"

मधल्या सुट्टीत सुरूच्या झाडांखाली तिचा डबा उघडायचा. तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील. आम्ही हक्काने तुटून पडायचो. केसांत वाळू, ओठांवर खारा वारा आणि ती खरपूस चव. एवढ्या चवीने मी पुढे कुठेच जेवलो नाही.

एकदा असंच खाऊन वर्गात आलो. नव्या बाईंनी नाकाला पदर लावला. "कुणाच्या हाताला वास येतोय?" माझ्याच हाताला येत होता. मासे खाल्ल्याचं घरी कळलं तर वडील फोडून काढतील, या भीतीने मी मागे बोट दाखवलं. "बाई, ती सुकट बसलीय ना तिथे!"

वर्गात हशा पिकला. ते नाव शाळा सुटेपर्यंत तिला चिकटलं. त्यानंतर ती जिन्याखाली एकटी बसून जेवायची. आम्ही त्याला गंमत म्हणत होतो. फोटो टाकतानाही मला ती गंमतच वाटली.

माझा मुलगा आता त्याच शाळेत दहावीत आहे. तिची मुलगी त्याच्याच वर्गात आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने मात्र फोटोतला चेहरा ओळखला; मुलगी हुबेहूब आईसारखी होती. त्याने माझ्या मोबाइलमधला फोटो आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. मग त्या मुलीच्या फोटोची स्टिकरं झाली. 'सुकटची पोरगी', नाक दाबलेली माकडं, आणखी काय काय. मुलगी शाळेत यायची बंद झाली. वर्गशिक्षिकेचा फोन आला तेव्हा मी मुलावर ओरडलो. तो खाली बघत म्हणाला, "बाबा, नाव तुम्हीच लिहिलं होतं ना?"

त्याला घेऊन दांडीला गेलो. ती अंगणात जवळा निवडत होती. मला लगेच ओळखलं.

"ये. पोराला पन आनलास?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"माझं काय, माझी शाळा झाली कशीतरी. ही पोरगी बोर्डाच्या परीक्षेला बसायला नाय बोलते." तिने सूप बाजूला ठेवलं. "मला नको सांगू. तिला सांग."

मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"इथं कोन ऐकतंय, काका?" ती म्हणाली. "हसले ते सगले ग्रुपवर. तिथं बोला. दोनी ग्रुपवर."

मी ओट्यावर बसलो. आधी माझा मोबाइल, मग मुलाचा. मुलगी ऐकत होती, म्हणून लिहिलं नाही, बोलून रेकॉर्ड केलं. दोन्हीकडे तेच शब्द.

"हे नाव मी ठेवलं होतं. मार चुकवायला खोटं बोललो आणि मैत्रिणीला पुढे केलं. या वयात तेच नाव मी पुन्हा लिहिलं आणि ते तिच्या मुलीला भोगावं लागलं. यात त्या दोघींचा काही दोष नाही. मी दोघींचीही माफी मागतो."