मलेरिया गेला, तरी दम लागत होता

"रिपोर्ट निगेटिव्ह हाय म्हनून राहिल्या सिस्टर. मग छुट्टी द्या की, डाक्टरसाब!"

रहीमभाई देगलूरचे टेलर. त्यांची लेक सादिया लातुरात मेडिकल एंट्रन्सच्या कोचिंगला होती. दुसऱ्या दिवशी टेस्ट, आणि त्या टेस्टवरच कोचिंगची वरची बॅच ठरणार होती.

मी तेव्हा लातूरच्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिशियन होतो. सादियाला फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जहाल प्रकार झाला होता. औषधांनी ताप उतरला, रक्तातले जंतूही संपले. पण सकाळपासून तिचा श्वास मला खटकत होता.

हॉस्पिटलचे मालक वैतागले. "बेड कशाला अडवता?"

"सर, तिला दम लागतोय."

"टेस्टचं टेन्शन असेल."

माझं डोकंच फिरलं. लातुरात तेव्हा पोरांच्या प्रत्येक दुखण्याचं हेच निदान व्हायचं.

मी रहीमभाईंना बसवून घेतलं. "जंतू मेलेत. पण त्यांच्याशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची रसायनं सोडतं. 'धावून या' असे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोपच ते. जंतू संपले तरी निरोप लगेच थांबत नाहीत. मग रक्तवाहिन्या पाझरतात, फुप्फुसात पाणी उतरतं."

ते विचारात पडले. "आमच्या गल्लीत कापडाचं दुकान जळालं तवा आगीनं थोडं गेलं. इझवायच्या पान्यानं लई गेलं."

"तसंच काहीसं."

"सर, हे सगळं मला पाठ आहे," सादिया म्हणाली. "पण मी ठणठणीत आहे." एवढं बोलताना ती दोनदा थांबली. ते बापानेही ऐकलं.

"नक्को बेटा," ते म्हणाले. "टेस्ट ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी तिचा ऑक्सिजन घसरला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. सलाईन कमी केलं, व्हेंटिलेटर लावला. ते निरोप थांबवणारं औषध आमच्याकडे नव्हतं. शरीर शांत होईपर्यंत श्वास चालू ठेवायचा, एवढंच हातात होतं. मी घाबरलो होतो. मालक स्वतः येऊन मशीन बघून गेले. बेडचं नाव काढलं नाही.

ती वाचली. तेव्हापासून निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की मी आधी पेशंटला चार वाक्यं बोलायला लावतो.

व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर दुसऱ्या दिवशी ती वरणभात खात होती. रहीमभाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. टेस्टच्या दिवशी आलेला कोचिंगचा मेसेज होता : आपला पाल्य टेस्टला गैरहजर.

"काय कळवायचं ह्यांना?" मी विचारलं.

त्यांनी लेकीकडे पाहिलं, डोळे पुसले.

"जेवून राहिली म्हनावं."